कृष्णकमळाची काडी दर वेळी मरते? ती कुठून मेली ते आधी पाहा

कृष्णकमळाची काडी लावली, आठ-दहा दिवस ती हिरवीगार राहिली, वरच्या डोळ्यातून पोपटी कोंबही फुटला, वेल धरला असे समजून आपण निश्चिंत झालो आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तोच कोंब मान टाकून पडलेला दिसला. काडी उपटून पाहिली, तर खाली एकही मूळ नाही. हा अनुभव ज्यांना एकदा नव्हे तर दर पावसाळ्यात येतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्या स्वतःच्या काड्या सलग तीन वेळा अशाच गेल्या. चिपळूणला नणंदेच्या अंगणात कुंपणभर पसरलेला जांभळ्या फुलांचा वेल आहे, त्याच्या काड्या मी पुण्याला आणत असे, कुंडीत खोचत असे आणि महिन्याभराने रिकामी कुंडी घासून ठेवत असे. चौथ्या खेपेला मेलेल्या काड्या फेकून देण्याऐवजी मी त्या जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि ब्लेडने उभ्या चिरून पाहिल्या. तेव्हा लक्षात आले की सगळ्या काड्या एकाच कारणाने मेलेल्या नव्हत्या. काही खालून कुजत वर गेल्या होत्या, काही शेंड्याकडून सुकत खाली आल्या होत्या, आणि दोन काड्या तर आतून अजून हिरव्याच होत्या, ज्या मी उगाच उपटल्या होत्या.

ही तपासणी महत्त्वाची अशासाठी की या प्रकारांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. खालून कुजणाऱ्या काडीला पाणी कमी हवे असते, वरून सुकणाऱ्या काडीला हवेत ओलावा जास्त हवा असतो. ‘पाणी कमी करा’ आणि ‘ओलावा वाढवा’ हे दोन्ही सल्ले आपल्याला ओळखीच्या माणसांकडून एकाच दिवशी मिळतात आणि दोघेही आपापल्या काडीपुरते खरे बोलत असतात. आपली काडी कोणत्या टोकाकडून मेली हे न पाहता सल्ला उचलला, की पुढची काडीही जाते.

मूळ अडचण या वेलाच्या स्वभावात आहे. आपल्याकडे फांदी खोचून झाड लावण्याचे जे घरगुती ज्ञान आहे, ते बहुतेक ब्रह्मकमळ, चाफा, मनीप्लांट आणि जास्वंद यांवर तयार झालेले आहे. ब्रह्मकमळाचे जाड पान, जे खरे तर चपटे झालेले खोड असते, स्वतःतच पाणी साठवून ठेवते, म्हणून ते मातीत अर्धे पुरले तरी महिना-दोन महिने तग धरते. चाफ्याची फांदी तर आधी सावलीत ठेवून तिचा चीक सुकवावा लागतो. कृष्णकमळ नावाने ब्रह्मकमळाचा भाऊ वाटला, तरी दोघांचे काही नाते नाही. हा पॅसिफ्लोरेसी कुळातला वेल आहे, त्याची खोडे बारीक असतात, पाने रुंद आणि पातळ असतात, आणि कापल्याच्या क्षणापासून पानांतून पाणी उडत राहते. चाफ्याप्रमाणे दोन दिवस सुकवत ठेवलेली कृष्णकमळाची काडी लावण्यापूर्वीच अर्धी मेलेली असते. नुसते पान देठासह खोचले, तर ते फार तर काही दिवस हिरवे राहील, पण डोळा नसल्यामुळे त्यातून वेल कधीच निघणार नाही.

बी का लावू नये, असेही कोणी विचारेल. बागांत दिसणारे निळे-जांभळे कृष्णकमळ सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला वेगळ्या रोपाचा पराग लागतो. आणि आपल्या गल्लीतले पाच वेल जर एकाच घरच्या काड्यांवरून वाढलेले असतील, तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते पाचही मिळून एकच रोप ठरते. भुंगे कितीही फिरले तरी फळ धरत नाही. म्हणून हा वेल घरोघरी काडीनेच पोहोचला आहे. खाण्याच्या पॅशन फ्रूटची गोष्ट वेगळी आहे, त्याचे ताजे बी चांगले उगवते. (फुलातल्या बाहेरच्या तंतूंना शंभर कौरव म्हणण्याची आपली पद्धत आहे. एका फुलाचे तंतू मी सुईच्या टोकाने मोजले, शंभराचा हिशेब काही जमला नाही. पाच परागकोशांचे पाच पांडव आणि वरच्या तीन कुक्षींचे ब्रह्मा-विष्णू-महेश मात्र दर फुलात बरोबर भेटतात.)

काडी खालून काळी पडत असेल तर

मातीतला भाग तपकिरी-काळा झालेला असतो, बोटांच्या चिमटीत धरून हलके ओढले तर भिजवलेल्या बदामाचे साल सुटावे तशी साल सुटून हातात येते, आणि आतून कुबट वास येतो. वरची पाने या वेळी बरेचदा हिरवीच असतात, म्हणून फसगत होते. ही कूज आहे, आणि तिचे पहिले कारण जंतू नव्हे तर हवेचा अभाव हे आहे. कापलेल्या टोकाला नवी पेशी तयार करण्यासाठी प्राणवायू लागतो. बागेतली काळी माती, त्यात घातलेले शेणखत किंवा गांडूळखत, वरून रोजचे पाणी आणि बुडाला छिद्र नसलेला दह्याचा डबा, असा थाट असेल तर टोक गुदमरते, आणि गुदमरलेल्या पेशींवर पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या जमिनीतल्या बुरश्या तुटून पडतात.

काडी लावण्याच्या मिश्रणात खत अजिबात नको. मुळेच नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, बुरशीला मात्र होतो. मी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) समप्रमाणात घेते. परलाइट मिळाले नाही तर धुतलेली जाड वाळू चालते, पण बांधकामाची बारीक, गाळमिश्रित वाळू चालत नाही, कारण ती घट्ट बसते. मिश्रण किती ओले असावे यासाठी मूठ दाबून पाहणे हीच सर्वांत भरवशाची कसोटी आहे. मूठभर मिश्रण जोरात दाबले असता बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर ते जास्त ओले आहे, आणि मूठ उघडताच ढेकूळ विस्कटले तर कोरडे आहे. एकदा असे ओले करून, वर पिशवी घालून ठेवले की आठ-दहा दिवस पुन्हा पाणी घालण्याची गरज सहसा पडत नाही. रोज सकाळी पूजेसाठी फुले काढताना सवयीने काडीवरही तांब्या रिकामा करणे हे माझ्या पहिल्या तीन अपयशांचे निम्मे कारण होते.

कोकोपीटविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे एक लपलेली खोट असते. नारळाच्या सोडणापासून बनणाऱ्या या भुश्श्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि स्वस्तातल्या विटा नीट धुतलेल्या नसतात. अशा मिश्रणात लावलेली काडी खालून मऊ न होता कोरडी तपकिरी होते, तिला वास येत नाही आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. हे चित्र दिसले तर कूज समजून बुरशीनाशक ओतण्यात अर्थ नाही. 650 ग्रॅमची वीट बादलीत भिजवली की साधारण 8 ते 9 लिटर भुसा होतो. तो जुन्या सुती कापडात किंवा गाळणीत घालून पिळावा, पुन्हा भिजवावा आणि पुन्हा पिळावा, असे निदान तीनदा करावे. पहिले पाणी गडद चहासारखे येते, तिसरे फिकट लिंबू सरबतासारखे यायला हवे.

बुरशीनाशकाचा प्रश्न नेहमी निघतो. दुकानात मागितले तर बहुधा कार्बेन्डाझिम हाती पडते. ते रायझोक्टोनियावर काम करते, पण पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही, कारण पिथियम ही खऱ्या अर्थाने बुरशीच नाही, ती वेगळ्याच गटातली आहे. त्यामुळे ‘औषध लावूनही काडी कुजली’ ही तक्रार अगदी खरी असू शकते. घरातल्या पाच-सहा काड्यांसाठी मी रासायनिक औषधाच्या फंदात पडत नाही. मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते गार करून घेते, कात्री स्पिरिटने पुसते आणि वर्षानुवर्षे कुंडीत असलेली जुनी माती वापरत नाही.

काडी वरून सुकत असेल तर

इथे खालचे टोक घट्ट आणि हिरवट-पांढरे असते, पण पाने आधी लोंबतात, मग कागदासारखी कुरकुरीत होतात, आणि सुकवण शेंड्याकडून एकेक पेर खाली उतरत जाते. मुळे नसताना पानांनी खर्च केलेले पाणी भरून न निघाल्याचा हा परिणाम आहे. मिश्रणात कितीही पाणी घातले तरी ते वर चढवणारे कोणी नाही, त्यामुळे पाणी वाढवून ही काडी वाचत नाही, उलट ती वरून सुकता सुकता खालून कुजूही लागते. हवेतला ओलावा वाढवणे आणि पानांचा खर्च कमी करणे, एवढे दोनच मार्ग आहेत.

पानांचा खर्च कमी करायचा तर खालच्या दोन पेरांची पाने पूर्ण काढावीत, वर एक किंवा दोन पाने ठेवावीत, आणि तीही मोठी असतील तर कात्रीने आडवी अर्धी कापावीत. सगळी पाने काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण उरलेल्या अर्ध्या पानात तयार होणारे अन्न आणि संजीवक (वाढीला चालना देणारे द्रव्य) हेच खाली जाऊन मुळे फोडायला मदत करतात. पानाच्या बगलेतून निघणारे तणावे आणि फुलांच्या कळ्या मात्र निर्दयपणे काढाव्यात. कळीसकट लावलेल्या काडीवर पाचव्या दिवशी फूल उमललेले पाहून घरच्यांना कौतुक वाटते, पण त्या एका फुलापायी काडीची शिदोरी संपलेली असते.

ओलाव्यासाठी कुंडीवर पारदर्शक पिशवी घालावी, आत दोन काटक्या उभ्या करून ती पानांना चिकटणार नाही असे पाहावे, आणि दिवसातून एकदा पाच मिनिटे उघडून हवा बदलावी. ही कुंडी उजेडात ठेवायची आहे, उन्हात नव्हे. पिशवीतल्या कुंडीवर सकाळचे एक तासाचे थेट ऊन पडले तरी आत वाफ धरते आणि पाने अळूच्या फदफद्यासारखी शिजतात. पूर्वेच्या गॅलरीत हिरव्या जाळीच्या आड, किंवा उत्तरेच्या खिडकीत काचेपासून हातभर आत, ही जागा योग्य असते. डोक्यावर पंखा किंवा एसी असलेली खोली नको.

वरून सुकण्याचे आणखी एक कारण कुंडीच्या बाहेर, प्रवासात असते. माझ्या चिपळूणच्या काड्या दुपारी कापल्या जात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्याच कोंबल्या जात, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पुण्याला येईपर्यंत सहा-सात तास जात, आणि रात्री दमल्यामुळे मी त्या सकाळी लावत असे. तोपर्यंत पाने पिळवटलेली असत. आता नणंदबाईंना मी सकाळी दव असतानाच काड्या काढायला सांगते, पाने तिथेच कमी करून घेते, खालची टोके ओल्या सुती फडक्यात आणि संपूर्ण जुडी ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालते. घरी आल्यावर खालचे टोक बोटाच्या पेराएवढे पुन्हा कापते आणि अर्धा तास पाण्यात उभे ठेवून मगच लावते. एवढ्या एका बदलाने वरून सुकण्याचा प्रकार माझ्याकडे जवळजवळ थांबला.

कोंब फुटला, पण मुळे नाहीत

सुरुवातीला सांगितलेली फसगत ती हीच, आणि सर्वाधिक काड्या इथे जातात. कोंब फुटणे आणि मूळ फुटणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पानाच्या बगलेतला डोळा आधीपासूनच तयार असतो. काडीतले साठवलेले अन्न आणि थोडी ऊब मिळाली की तो उघडतो. मूळ मात्र तयार नसते. कापलेल्या जागेजवळच्या पेशींना आपला मूळचा उद्योग सोडून नव्याने मुळाची घडण करावी लागते, आणि त्याला उबदार हवामानात साधारण तीन ते चार आठवडे, थंडीत सहा ते आठ आठवडेही लागतात. म्हणजे कोंब बहुतेकदा आधी येतो. त्या कोंबाकडे पाहून आपण पिशवी काढतो, कुंडी उन्हात सरकवतो, कौतुकाने चमचाभर खत घालतो, आणि ज्या काडीला एकही मूळ नाही तिच्यावर मोठ्या रोपाचा संसार लादतो.

मुळे आली की नाही हे काडी ओढून पाहू नये, कारण पहिली मुळे पांढरी, शेवयांइतकी बारीक आणि तितकीच ठिसूळ असतात. माझी खूण वेगळी आहे. कोंबाची पहिली एक-दोन पाने नखाएवढी होऊन तिथेच थांबली असतील, तर तो साठ्यावर जगतो आहे असे समजावे. पाने मोठी होऊ लागली, दोन पेरांतले अंतर वाढले आणि नव्या पेरावर दोऱ्यासारखा तणावा हवेत चाचपडू लागला, की खाली मुळे आहेत असे मी धरते; माझ्या कुंड्यांत ही खूण अजून तरी खोटी ठरलेली नाही. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचेच आहे त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्याला बुडाशी छिद्रे पाडून त्यात काडी लावावी आणि बाहेरून काळा कागद गुंडाळावा. कागद काढला की मुळे काचेपलीकडच्या माशांसारखी दिसतात.

थंडीत हा प्रकार विशेष घडतो, आणि त्याचे कारण साधे आहे. या कुळातल्या बहुतेक जाती उष्ण अमेरिकेतल्या आहेत. निळ्या फुलांचा प्रसिद्ध कृष्णकमळ दक्षिण ब्राझील आणि अर्जेंटिना या भागांतला आहे. मुळे फुटण्यासाठी बुडाशी 22 ते 26 अंश सेल्सियस ऊब सोयीची असते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी हवा उबदार असते, तिने डोळा फुटतो, पण रात्रभर सिमेंटच्या कठड्यावर ठेवलेल्या कुंडीचा बुडखा गारठलेला असतो, त्यामुळे मुळे फुटत नाहीत. कुंडीखाली थर्माकोलचा तुकडा ठेवून रात्री ती स्वयंपाकघरात घेतल्याने फरक पडतो. पण खरे सांगायचे तर डिसेंबर-जानेवारीत काडी लावूच नये. फेब्रुवारीच्या अखेरीस वेल नव्याने फुटू लागतो तेव्हा, किंवा जून-जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लावावी. कोकणात पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की पिशवीची गरज नसते, तिथे कुंडी पागोळीच्या धारेखालून दूर ठेवणे एवढेच पथ्य आहे. विदर्भात मे महिन्यात हा प्रयोग करणे म्हणजे काडीला आणि स्वतःला शिक्षा देणे आहे.

काडी महिनाभर हिरवी, पण हालचाल काहीच नाही

अशी काडी मेलेली नसते, तिला उपटून टाकण्याची घाई करू नये. नखाने साल किंचित खरवडून खाली हिरवे दिसत असेल, तर ती जिवंत आहे. काही वेळा खालच्या टोकाला पांढरट, खडबडीत गाठ धरलेली असते, म्हणजे जखम भरून आली आहे पण मुळे निघालेली नाहीत. अशा काडीचे टोक डोळ्याखाली पुन्हा कापून, एका बाजूची साल बोटाच्या नखाएवढी हलकेच सोलून, संजीवकाची पावडर लावून पुन्हा खोचावे.

पण बहुतेक वेळा चूक काडीच्या निवडीतच असते. शेंड्याकडची कोवळी काडी लवकर लोंबते आणि कुजते. बुंध्याजवळची जून, सालीवर भेगा पडलेली काडी महिनोन्महिने जैसे थे राहते. हवी असते ती मधली, अर्धी जून. उदबत्तीच्या काडीपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, हिरवीच पण चकाकी गेलेली, वाकवली असता वाकणारी आणि सोडली की पुन्हा सरळ होणारी अशी काडी निवडावी. तिची लांबी 15 ते 20 सेंटिमीटर आणि त्यात तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत घ्यावा, कारण या वेलाची मुळे मुख्यतः पेराच्या जागेवरून फुटतात. दोन डोळ्यांच्या मधोमध कापले, तर खाली उरलेला पोकळसर तुकडा काही उपयोगाचा नसतो आणि कूज तिथूनच सुरू होते.

उलटी लावलेली काडी हा विनोद वाटेल, पण पाने काढून टाकलेल्या चार काड्या टेबलावर विखुरल्या की कोणते टोक वरचे हे मलाही एकदा कळले नव्हते. गळलेल्या पानाचा व्रण नेहमी डोळ्याच्या खाली असतो, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. त्याहून सोपे म्हणजे कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सपाट घ्यावा.

संजीवकाबद्दल माझे मत असे की ते उपयोगी आहे, पण चमत्कार करत नाही. मुळे फुटण्याच्या पावडरीत बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते आणि अर्ध्या जून काडीसाठी 1000 ते 3000 पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग) पावडर पुरते. काडीचे टोक ओले करून पावडरीत बुडवावे आणि जास्तीची झटकून टाकावी. जाड थर लावला तर टोक भाजल्यासारखे काळे पडते. खोचताना आधी काटकीने भोक पाडावे, नाहीतर सगळी पावडर मिश्रणाच्या तोंडाशीच पुसली जाते. मध, दालचिनी आणि हळद यांत बुरशीला थोडाफार अटकाव करण्याचा गुण आहे, पण ते संजीवकाची जागा घेत नाहीत. कोरफडीचा गर लावलेल्या आणि न लावलेल्या काड्यांत मला फरक दिसला नाही.

मुळे आली आणि मग रोप गेले

पाण्याच्या बाटलीत काडी ठेवणाऱ्यांचे दुखणे बहुधा हे असते. पाण्यात या वेलाला मुळे फुटतात, त्यात शंका नाही. एकच पेर बुडवावे, बाटली गडद रंगाची असावी किंवा तिला कागद गुंडाळावा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. पण पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात आणि त्यांना मातीतून पाणी शोषण्याची सवय नसते. लांबच लांब मुळांचा झुपका होईपर्यंत थांबून मग ती काडी घट्ट मातीत लावली, तर मुळे मोडतात आणि चार दिवसांत रोप माना टाकते. मुळे 2 ते 3 सेंटिमीटर होताच काडी हलवावी, भुसभुशीत मिश्रणात लावावी आणि पहिले दहा दिवस तिला पुन्हा पिशवीचे छत्र द्यावे. पिशवी काढणेही एकदम नको. पहिले दोन दिवस तासभर, मग अर्धा दिवस, मग रात्रभर, असे करत आठवड्याभरात ती काढावी. पिशवीतल्या दमट हवेत वाढलेली पाने कोवळी असतात, ती उघड्या हवेत एकदम आली की दुपारपर्यंत लोंबतात.

मुळे फुटलेली काडी लगेच मोठ्या कुंडीत लावण्याची घाईही नडते. बोटभर मुळांभोवती बादलीभर ओली माती असेल, तर ती दिवसेंदिवस सुकत नाही आणि वर वर्णन केलेली कूज उशिराने, पण येतेच. आधी चार इंची कुंडी, तिच्या कडांपर्यंत मुळे पोहोचली की आठ इंची, आणि मगच जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, असा क्रम ठेवावा. कुंडी बदलताना मुळांभोवतीचे मिश्रण झाडून टाकू नये.

काडीच्या आधी वेलाकडे पाहावे

सगळे नीट करूनही एकाच वेलाच्या काड्या वारंवार जात असतील, तर तो वेलच तपासावा. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, सुरकुत्या, वेडीवाकडी वाढ दिसत असेल तर त्याला विषाणूची लागण असण्याची शक्यता आहे. हे विषाणू काडीबरोबरच येतात, त्यांवर औषध नाही, आणि त्याच कात्रीने दुसरा वेल कापला तर तिकडेही जाऊ शकतात. अशा वेलाची काडी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नये. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण असतील तर मात्र घाबरायला नको, काडी साबणाच्या फिक्या पाण्यात धुवून घेतली की भागते.

आणि वेल आपल्याच आवारात किंवा शेजारी असेल, तर मी काडी लावण्याचा आग्रहच धरणार नाही. जमिनीलगतची लांब फांदी घ्यावी, एक पेर खालून किंचित खरवडावे, ते ओल्या मिश्रणाने भरलेल्या कुंडीत दोन बोटे खोल दाबावे, वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर मोकळा सोडावा. फांदी पुरेशी लांब असेल तर सापासारखी वर-खाली नेत तीन-चार कुंड्यांत एकेक पेर दाबता येते. या दाब कलमात फांदीला मूळ वेलाकडून पाणी मिळतच राहते, त्यामुळे वरून सुकण्याचा प्रश्न उरत नाही. दीड-दोन महिन्यांनी मुळे धरली की वेलाकडची बाजू कापायची, आणि कापल्यावर कुंडी आठवडाभर तिथेच राहू द्यायची. काही जातींत वेलापासून हातभर अंतरावर मुळांवरून नवे धुमारेही वर येतात. तो धुमारा मुळाच्या तुकड्यासह खणून घेतला तर आयतेच रोप मिळते. चिपळूणच्या वेलाजवळ असे धुमारे दर पावसाळ्यात येत होते आणि नणंदबाई ते तण म्हणून उपटून फेकत होत्या, हे मला चौथ्या वर्षी कळले.

रोप हातभर वाढले की शेंडा एकदा खुडावा, म्हणजे बाजूचे डोळे फुटतात, आणि चढायला बारीक तार किंवा सुतळी द्यावी, कारण याचे तणावे जाड खांबाला वेढा घालू शकत नाहीत. काडीपासून वाढलेला वेल बहुधा पुढच्या हंगामात फुलतो, पण त्याआधी एक पाहुणा हमखास येतो. केशरी पंखांचे, संथ उडणारे टॉनी कोस्टर नावाचे फुलपाखरू या कुळातल्या वेलांवर अंडी घालते, आणि त्याच्या काटेरी, तांबूस अळ्या सहा पानांचे रोप दोन दिवसांत देठांपर्यंत खाऊन टाकतात. मोठ्या वेलाला त्याने काही होत नाही, पहिल्या वर्षीच्या रोपाला मात्र होते. म्हणून मी पानांच्या पाठी दर दोन दिवसांनी पाहते, पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तेवढे खुडते, आणि अळ्या आधीच आल्या असतील तर त्या ब्रशने उचलून गॅलरीतल्या दुसऱ्या, थोराड वेलावर नेऊन सोडते.